फ्रीजची दुपारची झोप

पंपकाकांचं ठाम मत होतं, की जगातल्या प्रत्येक यंत्राला दुपारच्या जेवणानंतर जरा आडवं व्हावंसं वाटतं. माणसाची जांभई दिसते, यंत्राची ऐकावी लागते, एवढाच काय तो फरक. आणि ऐकण्याच्या बाबतीत काकांचा हात कोण धरणार? उभा जन्म पंपघरात गेलेला. मोटरच्या आवाजात जरा खरखर आली, की ताटावरून उठून धावणारा माणूस.

त्यामुळे रोजचा नेम ठरलेला. जेवण झालं, ताट विसळलं, की काका फ्रीजपाशी जायचे, दारावर दोन थापा मारायचे आणि भिंतीवरचं बटण बंद करायचे. घरघर थांबायची. "नीज आता," असं म्हणून स्वतः मात्र निजायचे नाहीत. हा माणूस कधी बसलेला कुणी पाहिलाच नव्हता. नळ घट्ट कर, बिजागरीला तेल घाल, गॅलरीतून रस्त्यावर नजर टाक, परत ये. बायको म्हणायची, "पायाला भिंगरी लावून जन्माला आलात, सासूबाईंचे काय हाल झाले असतील!" संध्याकाळच्या चहाला बटण पुन्हा चालू. रात्री अंथरुणाला पाठ टेकण्याआधी पुन्हा बंद, सकाळी उठल्या उठल्या चालू.

हा नेम बायको गेल्यानंतरचा. ती होती तोवर फ्रीजला हात लावायची काकांची टाप नव्हती. "तुमचं राज्य पंपघरात, माझं इथं," हा करार. पंपघरात दोन मोटरी होत्या, थोरली आणि धाकटी. एक चालली की दुसरी निजली, हा तिथला धर्म. काका नोकरीला नवे लागले होते तेव्हा धाकटी दुरुस्तीला गेलेली आणि त्या वेळच्या पाळीवाल्याने थोरलीला एकटीलाच दामटलं. विसावा नाही, काही नाही. आतल्या तारांचं वाइंडिंग जळालं. सगळ्या गावाचे नळ कोरडे. बायाबापड्या घागरी घेऊन फाटकाशी उभ्या आणि आत ते जळक्या लाखेचा वास सुटलेलं धूड. तो वास काकांच्या नाकातून कधी गेलाच नाही. निवृत्त होऊन घरी आले, मग बायको गेली, आणि एका दुपारी रिकाम्या घरात त्यांच्या कानांवर फ्रीजची घरघर पडली. एकटा. जोडीला धाकटी नाही. आणि रात्रंदिवस चालू! काकांच्या जिवाला ते बघवेना.

त्यानंतर काकांचं पोट बिघडायला लागलं.

पहिल्या वेळी लेक म्हणाली, "बाहेरचं काही खाल्लंत का?" दुसऱ्या वेळी दवाखान्यात सलाईन लावून पडलेल्या बापाकडे बघत ती काही बोलली नाही. ती एका प्रयोगशाळेत तपासनीस होती. दिवसभर लोकांचं रक्त आणि काय काय भिंगाखाली बघायची, म्हणून तिला गप्प बसलेलं पाहिलं की काकांना धडकी भरायची. घरी आल्यावर तिने फ्रीज उघडला आणि तसाच धाडकन लावला.

"बाबा, हे सूप किती वेळ बाहेर राहिलं होतं?"

"बाहेर कशाला राहील? तू सांगितलंस तसं लगेच आत ठेवलं."

"मग आंबट कसं झालं?"

"मला काय माहीत! कोंबडीच आंबट असेल."

"कोंबडी आंबट नसते बाबा."

"तुझ्या आईच्या हातची नव्हती म्हणा."

लेक हसली नाही. तिच्या मनात काय आलं ते काकांना तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता आलं. म्हातारा डबा ओट्यावर ठेवतो, फिरायला जातो, विसरतो, संध्याकाळी आत ढकलतो. म्हातारा विसरायला लागलाय.

त्या सुट्टीत तिने कंबर कसली. पातेली भरभरून शिजवलं. भाजी, भात, सूप, उसळ, सगळं एकेका जेवणापुरतं चपट्या डब्यांत भरलं, डब्यांवर चिकटपट्टी लावून तारखा टाकल्या. काका तिच्या मागे मागे, या पायावरून त्या पायावर.

"नीट ऐका. शिजवलेलं वाफ जाईपर्यंत बाहेर, पण दोन तासांच्या वर नाही. खोल पातेल्यात नाही, पसरट भांड्यात काढायचं, म्हणजे लवकर निवतं. फ्रीझरमधला डबा हवा असेल तर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायचा, ओट्यावर नाही. एकदा बर्फ सुटून मऊ झालेलं पुन्हा गोठवायचं नाही. कच्चं मटण सगळ्यात खाली, झाकून, त्याचं पाणी कशावर टपकायला नको. आणि गरम करायचं म्हणजे उकळी फुटेपर्यंत. कोमट करून खाल्लंत तर मी येऊन ओरडेन."

"तुझी आई एवढं बोलायची नाही."

"आई करायची. बोलायची गरज नव्हती."

"आणि वास घेऊन बघितलं की कळतंच की!"

"नाही कळत. ज्याने माणूस आजारी पडतो त्याला दर वेळी वास येतोच असं नाही." मग तिने पर्समधून एक वस्तू काढली. वाटीएवढी गोल तबकडी, आत तापमानाचा काटा, पाच अंशांच्या खाली हिरवा पट्टा, वर लाल. "हे आत मधल्या कप्प्यात उभं ठेवायचं. काटा हिरव्यात पाहिजे. लाल दिसला की मला फोन."

काका हरखले. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या हाती काटा दिला होता! त्यांनी तो उजेडात धरला, काचेवर टिचकी मारली, चष्मा सरसावला. "रोज रीडिंग घेतो," म्हणाले.

"घ्याच. आणि बाबा..." लेकीने हात पुसले, पण बापाकडे बघितलं नाही. "दादाचं आणि माझं बोलणं झालंय. पुन्हा असं झालं तर तुम्ही माझ्याकडे यायचं. इथे एकटं ठेवणार नाही."

लेकीचं घर उंचावर होतं. लिफ्ट, गालिचा, सोफा. काका एकदा तिथे राहून आले होते. सकाळ-संध्याकाळ "बाबा, बसा ना" एवढंच कानावर पडायचं. शेवटी बसवेना म्हणून त्यांनी घरातले सगळे नळ घट्ट केले, एकाचा आटा मोडला, खालच्या मजल्यावर पाणी गळलं आणि जावई दोन दिवस हसून हसून "असू दे, असू दे" म्हणत राहिला. ते हसू काकांना शिवीपेक्षा जास्त लागलं होतं. त्या घरात कायमचं? त्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं.

काकांनी रीडिंग घ्यायला सुरुवात केली. रोज दुपारी जेवण झालं की दार उघडायचं, काटा बघायचा. हिरवा. दार लावायचं आणि मग बटण बंद करायचं. क्रम अगदी पंपघरातल्यासारखा. चालत्या यंत्राचं रीडिंग आधी, थांबवायचं नंतर. बंद यंत्राचा काटा कुणी बघतं का? नवा पोऱ्या असा बघायला लागला, की सगळे हसायचे. त्यामुळे रोज फोनवर काका छातीठोकपणे सांगायचे, "हिरवा! अगदी मध्यावर!" आणि ते खोटं नव्हतं.

आणि तरी पोट पुन्हा बिघडलं. या वेळी सलाईनपर्यंत गेलं नाही, पण भिंतीपलीकडच्या शिवणवाल्या वहिनींनी रात्री वारंवार वाजणारं संडासाचं दार ऐकलं आणि सकाळी लेकीला फोन लावला. काकांना कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"वहिनी, तुम्हाला कोणी सांगितलं होतं नाक खुपसायला?"

"तुमचं पोट. रात्रभर तेच सांगत होतं."

लेकीचा फोन आला तो अगदी थोडक्यात. "उद्या संध्याकाळी येतेय. कपडे काढून ठेवा. तेरवा एका डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"पोटाच्या?"

ती म्हणाली, "विसरण्याच्या."

दुसऱ्या दिवशी काकांनी घराला इतक्या फेऱ्या मारल्या की फरशीला माणसासारखं बोलता आलं असतं तर तिने हात जोडले असते. कपाटातून बॅग काढली, पलंगाखाली ढकलली, पुन्हा काढली. तिच्यात दोन सदरे टाकले, एक परत काढला. मनातल्या मनात आजचा वार म्हटला, काल काय खाल्लं ते म्हटलं, पंपघरातल्या सगळ्या व्हॉल्व्हची नावं उलट्या क्रमाने म्हटली. एकही चुकलं नाही. मग हे विसरणं कुठं चाललंय? माणूस विसरतो तेव्हा त्याला विसरल्याचं कळतं का? या विचाराशी मात्र त्यांचे पाय थबकले. कोण जाणे, आपण ठेवतही असू डबे बाहेर. काय सांगावं!

कसंबसं जेवण उरकलं. काटा बघितला, हिरवा. बटण बंद केलं. गॅलरीत गेले, आले, गेले.

ऊन चांगलं तापलेलं असताना वहिनी दारात आल्या. एक बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत. "सुई घुसली हो नखातून. बर्फ आहे का? आमच्याकडे तर पाणीसुद्धा कोमट."

काका लगबगीने स्वयंपाकघरात गेले. फ्रीझर उघडला, बर्फाचा साचा ओढला आणि त्यातलं पाणी भसकन त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. साच्यात मधोमध काही वितळते तुकडे तरंगत होते. शेजारचा वाटाण्यांचा पुडा ओला, मऊ. काकांनी खालचं दार उघडलं. आतला दिवा लागला नाही. चष्मा सरसावून ते वाकले.

काटा लाल पट्ट्यात होता. कडेला नाही, चांगला आत, पाय पसरून बसल्यासारखा.

"बंद पडला वाटतं फ्रीज," मागून वहिनी म्हणाल्या.

"बंद नाही पडला. निजलाय."

"काय झालाय?"

"मी बंद करतो. दुपारी. आणि रात्री." काकांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "यंत्राला विसावा लागतो, वहिनी."

वहिनी बोट विसरल्या. "रोज?"

"रोज."

"अहो, पण तो मधूनमधून आपोआप थांबतो की! माझा तर थांबतो. खट्ट होतं आणि गप्प."

"ती डुलकी. डुलकीने शीण जातो होय? आणि ऑटोवर कोण भरवसा ठेवणार? आमच्या पंपघरात ऑटो बसवलं होतं, टाकी वाहून रस्त्यात तळं झालं होतं." एवढं बोलून काका थांबले. काटा अजून तिथेच. आयुष्यभर काट्याशी वाद घालणाऱ्याला त्यांनी मूर्ख म्हटलं होतं. साहेब खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, काटा नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर दुपारमागून दुपार उलगडत गेली. निजलेला फ्रीज, आत घाम फुटलेले डबे, संध्याकाळी पुन्हा गार, रात्री पुन्हा कोमट. सूप. भात. सलाईनची सुई.

वहिनींनी साच्यातलं गार पाणी बोटावर ओतून घेतलं. "सुटलात की मग! लेकीला सांगा, विसरत नाही म्हणावं, बटण बंद करतो म्हणावं."

"काय सांगू? पंप सांभाळणाऱ्याला फ्रीज सांभाळता आला नाही म्हणून?"

"नाहीतर बसा सोफ्यावर," वहिनी म्हणाल्या आणि बोट चोखत निघून गेल्या.

काकांनी बटण चालू केलं. पुन्हा बंद केलं. पुन्हा चालू केलं. बोलायचं नाही असं ठरवलं. मग सांगायचं ठरवलं. मग वाटलं, गप्प राहावं, बटणाला हात लावू नये, झालं! आता पोट बिघडणार नाही. पण बिघडणार नाही ते लेकीच्या घरी, गालिच्यावर. आणि खरं सांगितलं तर उद्या सगळे म्हणणार, हाच तो पंपकाका, मोटरचा श्वास ओळखणारा! स्वतःच्या ताटात स्वतःच विष कालवत होता! विसरभोळा म्हातारा निदान बिचारा असतो. हा काय? हा तर अडाणी.

लेक संध्याकाळी आली ती चपला काढता काढताच म्हणाली, "आज वार कोणता?"

काकांच्या मस्तकात तिडीक गेली, पण त्यांनी वार सांगितला.

"सकाळी काय खाल्लंत?"

"पाव आणि चहा. परीक्षा घेतेस का माझी?"

"डॉक्टर विचारतील, म्हणून." ती सरळ फ्रीझरकडे गेली. वाटाण्याचा पुडा काढला आणि ओट्यावर आपटला. दगड पडल्यासारखा आवाज झाला. "हे बघा. सुटे वाटाणे आणले होते मी. आता वीट झालीय. म्हणजे बाहेर राहिले, सुटले, आणि तुम्ही तसेच परत आत टाकले. आठवतंय?"

"नाही."

"तेच तर! नाही आठवत! म्हणूनच..."

"कारण मी टाकलेच नाहीत!"

"मग कुणी टाकले, बाबा? भूत येतं का घरात?" तिने बॅग ओढली आणि त्यांचे सदरे भराभर घड्या घालून कोंबायला लागली. "मला हौस नाही तुम्हाला उचलून न्यायची. मला काय माहीत नाही तुम्हाला तिथे करमत नाही ते? पण मी तिथे भिंगाखाली बघत बसते आणि डोळ्यांसमोर तुमचं सूप येतं. एक दिवस तुम्ही गॅस विसराल. एक दिवस दार विसराल. एक दिवस मला..."

"मी विसरत नाही!" काका ओरडले. आवाज एवढा मोठा लागला की भिंतीपलीकडचं शिवणयंत्र थांबलं. "एक दिवस विसरलो नाही! रोज न चुकता बंद करतो!"

लेकीच्या हातातला सदरा अर्ध्या घडीवर राहिला. "काय बंद करता?"

आता माघार नव्हती. "फ्रीज. दुपारी जेवलो की. आणि रात्री. त्याला विसावा म्हणून."

"आणि काटा? रोज हिरवा सांगत होता!"

"बंद करायच्या आधी बघायचो. बंद यंत्राचं रीडिंग कशाला घेतील?"

ती पलंगावर टेकली. तिच्या तोंडातून आधी एक विचित्र आवाज निघाला. काकांना वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आणि हसता हसता खरंच रडायला लागली. मग एकदम उसळली. "सलाईन लावावं लागलं तुम्हाला! मी रात्र रात्र वाचत होते, म्हातारपणी मेंदूला काय काय होतं ते! आणि तुम्ही फ्रीजला अंगाई म्हणत होतात?"

"चुकलं."

हा शब्द काकांच्या तोंडून तिने जन्मात ऐकला नव्हता. तिच्या आईनेही ऐकला नसावा. काकांना तो बोलायला एवढे कष्ट पडले होते की ते चक्क खुर्चीत बसले.

"पुन्हा म्हणा."

"एकदाच म्हणतात."

"फ्रीज पंपापेक्षा वेगळं यंत्र आहे, हे आता तरी पटलं का?"

"त्याचं काम पाणी चढवायचं नाही," काका हळूहळू, स्वतःलाच समजावत बोलले. "त्याचं काम गार राखायचं. तो थांबला की नुसता थांबत नाही, केलेलं सगळं घालवतो. दुपारी काट्याने सांगितलं मला. बंद केल्यावरच बघायला हवा होता."

लेक बॅग तशीच उघडी टाकून उठली आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. काकांना अर्धंच ऐकू येत होतं. "नाही रे दादा, विसरणं नाही... अरे, बटण... हो, स्वतःच्या हाताने... हसू नकोस, हसायची गोष्ट आहे का ही?... नाही, आजार नाही, आगाऊपणा आहे. त्यावर औषध नाही." मग तिचा आवाज खाली गेला, बराच वेळ गेला. काका खुर्चीतून उठले, बसले, उठले.

ती आत आली. "दादा म्हणतोय, तरी घेऊनच ये."

"आणि तू?"

"मी ठरवतेय." ती कचऱ्याची मोठी पिशवी झटकून उघडत म्हणाली, "आधी हे सगळं टाका. स्वतःच्या हाताने."

"सगळं?"

"सगळं. कोणता डबा किती वेळा सुटला ते तुम्हाला माहीत आहे?"

माहीत नव्हतं. काकांनी एकेक डबा काढला. प्रत्येकावर तिच्या हस्ताक्षरातली तारीख होती, तिच्या सुट्टीतला एकेक तास. भात गेला, उसळ गेली, सूप गेलं, वाटाण्यांची वीट धप्पकन गेली. अन्न टाकायची सवय नसलेला हात प्रत्येक वेळी जरा अडखळायचा आणि लेक प्रत्येक वेळी म्हणायची, "टाका." तळाशी साचलेलं पाणी पुसलं, कप्पे साबणाने धुतले, पुसून परत बसवले. शेवटी आत फक्त तबकडी उरली आणि दिव्याचा पांढरा उजेड.

"आता जेवायचं काय?" काका म्हणाले.

"आज मी करते. उद्या तुम्ही, मी बसून बघणार. जमलं, निवलं, दोन तासांच्या आत आत गेलं, आणि बटणाला हात लागला नाही, तर डॉक्टरांना मी नको म्हणून कळवते आणि तुम्ही इथेच."

"आणि नाही जमलं तर?"

"बॅग भरलेलीच आहे."

काका हात धुवायला वळले. मागे फ्रीजची घरघर सुरू होती, अखंड, एकट्या गड्याने भार ओढत राहावं तशी. उजवा हात आपसूक बटणाकडे थोडा वर उठला. काकांनी तो नळाखाली धरला, पाणी मोठं सोडलं आणि विचारलं, "कांदा आधी चिरायचा, की तेल आधी तापवायचं?"